मतदान गावाला आहे: ठाणे लोकसभा मतदारसंघाचं एक प्रकरण

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात माथाडींच्या, म्हणजे बाजारात ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या, बैठ्या घरांच्या गल्लीत दुपारी अडीच-तीनला गेलं की दारं उघडी सापडतात. मार्केटची पाळी अंधारात सुरू होते, दुपारपर्यंत टोळीतला माणूस घरी येऊन, जेवून आडवा झालेला असतो. शाळेची नोकरी सांभाळून मी काही वर्षं बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम केलं. मतदार यादी हातात घेऊन दारोदार फिरायचं, कोण आहे, कोण गेलं, कोण नव्यानं आलं ते लिहायचं. त्या गल्ल्यांसाठी मला ही वेळ बरी पडायची. माणूस झोपेत असला तरी खरं बोलायचा.

एका घराचं सांगतो. तळमजल्यावर खोली आणि मोरी, वर चढवलेले दोन मजले, बाहेरून लोखंडी जिना. घरात सहा मोठी माणसं, पण यादीत त्या घर क्रमांकावर नावं दोनच. वडिलांचं मतदान पाटण तालुक्यात, गावी. आईचंही तिथंच. थोरला मुलगा इथंच जन्मला, इथंच शिकला, पण अठरा पूर्ण होताच वडिलांनी त्याचं नाव गावच्या यादीत घालून घेतलं. त्याच्या बायकोचं नाव अजून माहेरी, जावळीत. धाकटा आणि बहीण यांची नावं तेवढी इथं, कारण कॉलेजात कुणीतरी अर्ज भरून घेतले होते. एका छताखालची सहा मतं. चार सातारा लोकसभेत, दोन ठाण्यात.

मी नेहमीचं बोललो, आठ नंबरचा फॉर्म भरा, नाव इकडं येईल. वडील उठून बसले. म्हणाले, "सर, इकडं आणून करू काय? मागच्या ग्रामपंचायतीला आमच्या वाडीचा माणूस चार मतांनी पडला." आणि चार बोटं माझ्यासमोर धरली.

त्या चार बोटांपाशी मी बराच काळ अडलो. ठाणे लोकसभेबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात जातींची टक्केवारी असते, मराठी-अमराठी असतं, बालेकिल्ला असतो, गद्दार-निष्ठावंत असतं. कोण कुठून आलं याचा हिशोब सगळे मांडतात. आलेल्या माणसानं आपलं मत कुठं ठेवलंय, हा हिशोब फारसा कुणी मांडत नाही. हे प्रकरण त्या हिशोबाचं आहे.

आधी नकाशा

आजचा ठाणे लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतून आला. विधानसभेचे सहा भाग त्यात आहेत: मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर. तीन महापालिका, सुमारे २५ लाख मतदार.

आता ठाण्याहून ऐरोलीला रस्त्यानं जाऊन बघा. मुलुंडमार्गे ऐरोली पुलावरून गेलात तर मुलुंड लागतं, ते ईशान्य मुंबईत. कळव्याचा पूल ओलांडून विटाव्यावरून गेलात तर कळवा-मुंब्रा लागतो, तो कल्याण लोकसभेत. म्हणजे एका मतदारसंघाच्या दोन भागांत ये-जा करताना वाटेत दुसऱ्याच खासदाराच्या हद्दीतून जावं लागतं. मतदारसंघ सलग आहे, पण खाडीच्या पाण्यावर. मीरा रोडवरून ठाणे स्टेशनला लोकलनं यायचं तर दादरला उतरून मध्य रेल्वे पकडायची, किंवा मग घोडबंदर रस्ता आणि गायमुखचा घाट. मीरा रोडचा माणूस बेलापूरला कशाला जाईल? सिडकोत, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळात, काम असेल तर जाईल, नाहीतर नाहीच. पुनर्रचना करणाऱ्यांनी लोकसंख्या मोजली ती २००१ च्या जनगणनेची. आकडे जुळवायचे तर रेषा कुठूनतरी न्यावीच लागते, हे मान्य. पण त्यातून तीन शहरं एका दावणीला बांधली गेली, आणि ती एकमेकांकडं पाठ करून उभी आहेत.

जुना ठाणे मतदारसंघ याहून अवाढव्य होता. देशातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांत त्याची गणना व्हायची. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ सगळं त्यात. १९७७ आणि १९८० ला जनता पक्षाकडून रामभाऊ म्हाळगी निवडून आले, त्यांच्या निधनानंतर पोटनिवडणुकीत जगन्नाथ पाटील. १९८४ च्या लाटेत काँग्रेसचे शांताराम घोलप, मग १९८९ आणि १९९१ ला राम कापसे. जनसंघ-भाजपचं हे घर होतं आणि त्याचा पाया कल्याण-डोंबिवलीत होता. ठाणे शहराची गोष्ट वेगळी. शिवसेनेला पहिली सत्ता मिळाली ती १९६७ ला, ठाण्याच्या नगरपालिकेत. सेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघ्यांच्या काळात त्यांच्या टेंभी नाक्याचं वजन इतकं वाढलं की १९९६ ला भाजपनं ही जागा सेनेला सोडली. प्रकाश परांजपे तिथून सलग चार वेळा निवडून आले. फेब्रुवारी २००८ मध्ये ते गेले, पोटनिवडणुकीत मुलगा आनंद परांजपे आला, आणि वर्षभरात मतदारसंघच बदलला. कल्याण-डोंबिवली तुटून निराळी झाली.

२००९: खाडीपलीकडून

पुनर्रचनेनंतरची पहिली निवडणूक या प्रकरणाचा सांधा आहे. आनंद परांजपे नव्या कल्याणमध्ये गेले आणि जिंकले. ठाण्यात राष्ट्रवादीनं नवी मुंबईचे माजी महापौर संजीव नाईक यांना उभं केलं. शिवसेनेनंही नवी मुंबईतलेच विजय चौगुले दिले. मनसेकडून कामगार नेते राजन राजे. नाईक सुमारे ४९ हजारांनी जिंकले आणि राजे यांनी सव्वा लाखाहून जास्त मतं घेतली. तेव्हापासून एक स्पष्टीकरण चालत आलंय: मनसेनं मतं खाल्ली, म्हणून सेना पडली. आकड्याला आकडा जुळतो, वाद संपतो.

मला ते अर्धवट वाटतं. ठाण्याची जागा, आणि पहिल्या दोन क्रमांकांवर दोघंही खाडीपलीकडचे. आपलं शहर, आपली शाखा, आपला नवरात्रोत्सव असलेल्या ठाणेकरासमोर आपल्या शहरातला उमेदवार म्हणून राजेच उरले. राजे यांना पडलेलं प्रत्येक मत मनसेचं होतं असं मानायचं कारण नाही. त्यातली काही मतं पत्त्याची होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभा झाली आणि चित्र आणखी उघडं पडलं. ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, या तीन जागा शिवसेनेला: प्रताप सरनाईक, एकनाथ शिंदे, राजन विचारे. मीरा-भाईंदर, ऐरोली, बेलापूर, या तीन राष्ट्रवादीला: गिल्बर्ट मेंडोन्सा, संदीप नाईक, गणेश नाईक. तीनास तीन, आणि फाळणी बरोबर शहरांच्या हद्दीवर. पक्षांची नावं पुसून नुसता नकाशा रंगवला असता तरी खाडी आणि डोंगर दिसले असते.

आणखी एक गोष्ट, फार छोटी. २००९ ला ठाण्यात मतदान ३० एप्रिलला होतं, गुरुवारी. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन. पुढं शनिवार-रविवार. मे महिन्याच्या तोंडावर सलग चार सुट्ट्या आणि शाळा बंद. मतदान निम्म्याच्याही बरंच खाली राहिलं. "शहरी उदासीनता" वगैरे अग्रलेख आले. कोकण रेल्वेचं आरक्षण आणि एसटीच्या जादा गाड्या कुणी मोजल्या नाहीत.

एक यादी, तीन निवडणुका

आता चार बोटांकडं परत येतो. हे नीट समजून घेतलं नाही तर बाकी सगळं वरवरचं राहील.

आपल्याकडं मतदार यादी मुळात एकच असते, विधानसभेची. लोकसभा तीच वापरते. राज्य निवडणूक आयोग ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि महापालिकेसाठीही तीच यादी घेऊन प्रभागांप्रमाणे फोडतो. त्यामुळं माणसाला लोकसभेचं मत शहरात आणि ग्रामपंचायतीचं गावात असं ठेवता येत नाही. सगळी मतं एकाच खुंटीला. आणि खुंटी कुठं ठोकायची हे माणूस लोकसभा बघून ठरवत नाही. सगळ्यात लहान निवडणूक जिथं त्याला खेचते, तिथं ठोकतो.

गावात त्या मताची किंमत काय असते? वाडीतला सरपंच की खालच्या आळीचा, रस्ता कुणाच्या बांधावरून जाणार, पाण्याच्या योजनेची टाकी कुठं बसणार. विकास सोसायटी आहे, देवस्थानाचा वाद आहे, सातबारावर नाव आहे. ग्रामपंचायत लागली की गावाकडून फोन येतो, गाडी येते. रात्री तुर्भ्याच्या मार्केटच्या गेटबाहेर क्रूझर आणि बस उभ्या राहतात, टोळीतले निम्मे गायब होतात, मुकादम शिव्या घालतो आणि मग स्वतःच पुढच्या सीटवर जाऊन बसतो. त्या गाडीतून न गेलेला माणूस गावात लक्षात राहतो. इथं मत नाही दिलं तर कुणाला कळतं?

कायदा याच्या उलट बोलतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणं माणूस जिथला सामान्य रहिवासी, तिथं त्याचं नाव. विसाव्या कलमात तर सरळ म्हटलंय की नुसतं घर मालकीचं आहे एवढ्यावर कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे पाटणचं कुलूपबंद घर दाखवून तिथं मतदार राहता येत नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणं तर सतरा-अठराव्या कलमानं बंदच, आणि खोटं प्रतिज्ञापन केलं तर एक वर्षापर्यंत कैद. माथाडी हे सगळं ऐकतो, आणि विचारतो, सुगीला महिनाभर, गणपतीला, यात्रेला, लग्नसराईला मी गावालाच असतो, मग रहिवासी कुठला? मी शिक्षक माणूस, उत्तर द्यायची सवय. या प्रश्नाचं उत्तर मी कधी धड दिलं नाही.

माथाडी म्हणजे कोण, हे नव्या वाचकासाठी थोडक्यात. अण्णासाहेब पाटलांनी डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांची संघटना बांधली, १९६९ ला त्यांच्यासाठी कायदा झाला, मंडळं आली, मजुरी मंडळात जमा होऊ लागली. मुंबईचे घाऊक बाजार ऐंशीच्या दशकापासून तुर्भे-वाशीत हलले: कांदा-बटाटा, मग दाणा, मसाला, भाजी, फळं. बाजारामागून माणूस आला. सातारा जिल्ह्यातल्या पाटण, जावळी, कोरेगावच्या डोंगराळ पट्ट्यातला मराठा आणि त्याच्या आजूबाजूचा समाज कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे भागात वसला. मराठा आरक्षणाची मागणी घेऊन मार्च १९८२ मध्ये मुंबईत मोठा मोर्चा नेणारे अण्णासाहेब हेच. मोर्चानंतर लगेच त्यांनी आयुष्य संपवलं. माथाडीच्या घरात आजही त्यांचा फोटो देवाशेजारी असतो.

मार्च २०१४ मध्ये नवी मुंबईत माथाड्यांच्या मेळाव्यात शरद पवार बोलले. त्या वेळी साताऱ्याचं मतदान १७ एप्रिलला आणि ठाण्याचं २४ ला होतं. तिकडं मत द्या, मग शाई पुसून इकडं या, अशा अर्थाचं ते बोलले आणि देशभर गदारोळ झाला. निवडणूक आयोगानं नोटीस बजावली, ते गमतीनं होतं असा त्यांचा खुलासा आला. दिल्लीच्या वाहिन्यांना तो लोकशाहीवरचा डाग वाटला. मेळाव्यात हशा पिकला तो वेगळ्या कारणानं: समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की एक बोट, दोन गावं, ही आपलीच गोष्ट आहे. पवारांना महाराष्ट्राचा नकाशा पाठ आहे म्हणतात, त्यात हाही भाग येतो. शाई जाते की नाही हा प्रश्न नव्हता. माणूस कुठला, हा होता.

कायद्याच्या बाजूनं बोलायचं तर दुबार मतदान हा गुन्हाच आहे आणि दुबार नावांचं कौतुक मी करणार नाही. ती खोडण्यात माझ्या सुट्ट्या गेल्यात. पण माझ्या पाहण्यात दुबार नावं कमी, आणि इथं राहून इथं नावच नसलेली माणसं जास्त. पहिल्यांवर मोर्चे निघतात. दुसऱ्यांबद्दल कुणाची तक्रार नाही, त्यांचीसुद्धा.

नेत्यांकडं पाहिलं की हे आणखी ठळक होतं. एप्रिल २०१९ मध्ये साताऱ्यात उदयनराजे भोसल्यांविरुद्ध शिवसेनेचे उमेदवार होते नरेंद्र पाटील, अण्णासाहेबांचे चिरंजीव, माथाडी नेते. २०२४ ला उदयनराजेंविरुद्ध शरद पवारांच्या पक्षाकडून उभे राहिले शशिकांत शिंदे, तेही माथाडी नेते, सुमारे ३३ हजारांनी पडले. लागोपाठ दोन लोकसभांना साताऱ्यात मुख्य आव्हान दिलं ते नवी मुंबईच्या बाजारात घडलेल्या नेत्यांनी. ठाणे लोकसभेला मात्र कुठल्या मोठ्या पक्षानं माथाडी नेता उभा केला नाही. कष्ट इथले, संघटना इथली, आणि लोकसभा तिकडची. कामगार मत द्यायला गावी जातो आणि त्याचा नेता मत मागायला.

गावठाण

त्याच कोपरखैरण्यात, बैठ्या घरांपासून पाच मिनिटांवर मूळच्या आगरी-कोळी लोकांचं गावठाण आहे. तिथं यादी हातात धरली की हिशोब उलटा होतो. पानंच्या पानं पाटील, म्हात्रे, भोईर, मढवी, कोळी. नाव वगळलं गेलं तर दुसऱ्या दिवशी भाऊबंद शाळेत येऊन जाब विचारतात. मयताचं नाव खोडायला मात्र कुणी येत नाही, हेही खरं.

सिडकोची स्थापना १९७० ची. ठाणे आणि रायगडातल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी गेली. भातशेती, मिठागरं, खाजण गेलं. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या बाजूला, जासई-दास्तानला गोळीबार होऊन पाच जण गेले, तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. साडेबारा टक्के हा शब्द आगरी घरात आडनावासारखा वापरला जातो: "त्यांचा साडेबारा निघाला", "आमचा अडकलाय". निघालेला भूखंड बहुतेकदा बिल्डरकडं गेला. गावठाणात वाढत्या कुटुंबासाठी मजले चढले, त्यांना सरकारी भाषेत "गरजेपोटीची घरं" म्हणतात. ती नियमित होणार, हे आश्वासन मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय.

त्या मजल्यांवर भाडेकरू असतात. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, आणि आपलं मराठवाडा-विदर्भ. रबाळ्याच्या कारखान्यात, माइंडस्पेस आयटी पार्कच्या हाऊसकीपिंगमध्ये, रिक्षावर. त्यांचं नाव लिहायला गेलं की घरमालक दारात उभा राहतो. पत्त्याचा पुरावा दिला तर उद्या खोली सोडायचा नाही, ही भीती. तेव्हा चार मजली घरात यादीवर तळमजला तेवढा असतो. राहणारे तीस, मतदार आठ, आणि आठही एका आडनावाचे. नगरसेवकाच्या निवडणुकीत असं घर म्हणजे सोनं. नाईक कुटुंबाचं नवी मुंबईतलं राजकारण शिवसेना, राष्ट्रवादी, भाजप असं फिरत आलं तरी टिकलं, त्यामागं ही गावठाणाची घट्ट यादी आहे असं मी समजतो. अर्थात गावठाण एकसंध नाही. २०१४ ला बेलापुरात मंदा म्हात्रे यांनी गणेश नाईकांना हरवलं ते १,४९१ मतांनी, २०२४ ला संदीप नाईकांना ३७७ मतांनी. दोन्ही बाजूंनी भूमिपुत्रच. एक चाळ इकडची तिकडं झाली असती तर निकाल फिरला असता.

नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून २०२१ च्या जूनमध्ये हजारो लोक सिडकोवर गेले. विमानतळ मावळ लोकसभेच्या हद्दीत, आंदोलनाची माणसं ठाणे, मावळ, कल्याण, भिवंडी सगळीकडची. आगरी-कोळी समाजाचा नकाशा खाडीच्या काठानं जातो. लोकसभेच्या रेषा त्याला जागोजाग कापतात.

घोडबंदर आणि मीरा रोड

ठाण्यात वागळे इस्टेटचे कारखाने साठच्या दशकातले. त्यांच्यामागून किसननगर, लोकमान्यनगर, इंदिरानगर वसलं. कोकण, सातारा, सांगली, नगर इथून आलेला कामगार. कोपरीत फाळणीनंतरचे सिंधी, चेंदणीत कोळी, नौपाड्यात जुना ब्राह्मण मध्यमवर्ग. सेनेची शाखा या कामगारवस्त्यांत रुजली कारण दवाखाना, शाळाप्रवेश, रुग्णवाहिका, गणपतीला गावी जाणाऱ्या गाड्या, सगळं शाखेतून व्हायचं. लक्षात घ्या, गावी जायची गाडीसुद्धा शाखाच द्यायची. साताऱ्यातल्या दरे गावचे एकनाथ शिंदे किसननगरातून घडले ते याच रस्त्यानं. पुढं कारखाने बंद पडत गेले, रेमंडची गिरणीही २००९ ला थांबली, आणि त्या जमिनींवर, घोडबंदरच्या शेतांवर मनोरे आले.

घोडबंदरला माझी बहीण राहते, एकतिसाव्या मजल्यावर. तिथल्या बीएलओचं दुःख निराळं. गेटवर रजिस्टर, मग अॅपवर परवानगी, मग इंटरकॉमवर "आत्ता नको". तिच्या मजल्यावरच्या सहा फ्लॅटपैकी तीन भाड्यानं, अकरा महिन्यांच्या करारावर. त्यांची नावं पुणे, नागपूर, इंदूर. मालकांची मुलुंडला नाहीतर परळला. गेटवरच्या वॉचमनचं मत जौनपूरला. पाण्याचे टँकर, गायमुखची कोंडी, मेट्रोचे खांब, यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री बारापर्यंत वाद चालतो. वाद घालणाऱ्यांतले निम्मे इथल्या यादीत नाहीत. बहीणसुद्धा मागच्या वर्षी आली यादीत, तीही माझ्या मागे लागण्यामुळं.

मीरा-भाईंदरबद्दल मी लांबूनच बोलू शकतो. १९९१ ला पावणेदोन लाख, २००१ ला सव्वापाच लाख, २०११ ला आठ लाखांवर, ही वाढच सगळं सांगते. उत्तन-डोंगरीकडं कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती, भाईंदरला गुजराती-मारवाडी व्यापारी, नयानगरला मुस्लीम, सगळीकडं उत्तर भारतीय, आणि मुंबईतून स्वस्त घरासाठी आलेला मराठी माणूस. आमदारांची नावं ओळीनं वाचा: २००९ मेंडोन्सा, २०१४ नरेंद्र मेहता, २०१९ गीता जैन, २०२४ पुन्हा मेहता. जुलै २०२५ मध्ये भाषेच्या वादावरून आधी व्यापाऱ्यांनी, मग मराठी संघटनांनी मोर्चे काढले. ८ तारखेच्या मराठी मोर्चात सामील व्हायला गेलेल्या मंत्री सरनाईकांनाच लोकांनी हुसकावलं. त्या दिवशी मराठी म्हणून रस्त्यावर आलेल्यांपैकी किती जण तिथल्या यादीत असतील, हा प्रश्न मला बीएलओच्या सवयीनं पडला. व्यापारी माणूस आपलं नाव पहिल्या वर्षी दुकानाच्या गावात आणतो. त्याची सगळ्यात लहान निवडणूक दुकानासमोरच्या गटाराची असते, आणि ते गटार भाईंदरला आहे.

पुन्हा ठाणे

२००९ चा धडा सेनेनं घेतला. २०१४ ला ठाण्याचे माजी महापौर राजन विचारे यांना उभं केलं. मोदी लाटही होती, संजीव नाईक २ लाख ८१ हजारांनी पडले. २०१९ ला विचारेंचं मताधिक्य ४ लाख १२ हजार झालं, समोर राष्ट्रवादीत गेलेले आनंद परांजपे. मग शिवसेना फुटली. २०२४ ला महायुतीत ही जागा कुणाची यावर शेवटपर्यंत ओढाताण चालली, भाजपच्या बाजूनं संजीव नाईकांचं नाव होतं, नवी मुंबईतली नाराजी उघड झाली. मतदानाला तीन आठवडेही उरले नसताना शिंदेंच्या शिवसेनेनं नरेश म्हस्के यांचं नाव जाहीर केलं. तेही ठाण्याचे माजी महापौर, समोर ठाकरेंच्या सेनेकडून विचारेच. दोन सेना, दोघंही ठाणे शहरातले, दोघांच्या फलकावर दिघे. म्हस्के २ लाख १७ हजारांनी जिंकले.

त्याच वर्षीच्या विधानसभेत सहापैकी चार जागा भाजपनं घेतल्या, दोन शिंदेंच्या सेनेनं. तरी खासदार ठाणे शहराचाच, तिसऱ्यांदा सलग. नवी मुंबईतला खासदार एकदाच झाला, तोही दोन्ही मोठ्या उमेदवारांचा पत्ता तिकडचाच होता तेव्हा. यात कुणाचं कारस्थान शोधायला नको. ठाणे शहराच्या जुन्या कामगारवस्तीची तिसरी पिढी आता इथंच मत ठेवते. गावच्या मताची ओढ तिथं विरली, कारण पन्नास वर्षं शाखा आणि नगरसेवक दारात होते. नवी मुंबईत ती प्रक्रिया अर्ध्यावर आहे. आणि ती आणखी लांबली, कारण महापालिकेची मुदत मे २०२० ला संपली आणि पुढची साडेपाच वर्षं प्रशासकच होता. गावाकडं मात्र त्या काळात ग्रामपंचायती होत राहिल्या. शहरानं त्यांच्यापुढं स्पर्धेला काही ठेवलंच नव्हतं.

जानेवारी २०२६ ची पालिका निवडणूक जाहीर झाली त्या आठवड्यात त्या घरातला थोरला मुलगा शाळेत आला. गल्लीतला त्याचा मित्र प्रभागात उभा राहतोय, म्हणून त्याला नाव इकडं आणायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःहून विचारायला आला होता. मी त्याला आठ नंबरचा फॉर्म दिला आणि सांगितलं की या निवडणुकीला १ जुलैची यादी धरलीय, आता भरलास तरी हे मत तुला मिळणार नाही, पुढच्या वेळेला मिळेल.

"म्हणजे गावचं जाणार आणि इथलं मिळणार नाही?"

"आत्तापुरतं तसंच."

"गावाकडं झेडपी लागायचीय सर." तो थोडा थांबला. "आणि लोकसभा कधी?"

"२०२९."

त्यानं फॉर्मची चौघडी घातली, गाडीची सीट उचलून खालच्या कप्प्यात टाकली आणि मार्केटच्या दिशेनं निघून गेला.